उरलेल्या गोळ्यांचा रोट

औषधाच्या दुकानात काउंटरमागे उभं राहण्यात माझं निम्मं आयुष्य गेलं. लोकांना वाटतं, आमच्या कामातली सगळ्यात अवघड गोष्ट म्हणजे डॉक्टरांचं अक्षर वाचणं. मुळीच नाही. ते महिन्याभरात लागतं, सासूच्या बोलण्यासारखं. अवघड असतं ते पुढचं. गोळी एकदा गिऱ्हाइकाच्या पिशवीत पडली की ती त्याच्या घरची होते, आणि प्रत्येक घराचे कायदे वेगळे असतात. त्या कायद्यांपुढे माझा डिप्लोमा, भिंतीवर टांगलेलं लायसन्स आणि मुंबईचे मोठे डॉक्टर हे सगळे सारखेच हतबल असतात.

मी मूळची मिरजेची. लग्नानंतर सुरतेला आले, कारण नवऱ्याला हजिऱ्याच्या एका कारखान्यात नोकरी होती. तो सकाळी कंपनीच्या बसने जायचा आणि मी लिंबायतला दुकान उघडायचे. दुकान एका गुजराती शेठचं होतं. शेठला औषधातलं काही कळत नसे आणि तसं तो मोकळेपणाने सांगत असे, म्हणून आमचं चांगलं जमलं. गिऱ्हाईक बहुतेक खानदेशी, लूमवर काम करणारं. गुजराती माणसं मला 'बेन' म्हणत, खानदेशी बाया 'ताई' आणि त्यांचे नवरे 'मॅडम'.

या गिऱ्हाइकांनी मला काय काय शिकवलं म्हणून सांगू. एका लूम कारागिराला मी सांगितलं, ही गोळी सकाळी उपाशीपोटी घ्यायची. तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, कोणती सकाळ? या आठवड्यात माझी रातपाळी आहे. माझी सकाळ संध्याकाळी होते." मी पाकिटावरचं 'सकाळी' खोडून 'उठल्यावर' लिहिलं. एका आजीबाईंनी नातवाच्या कॅप्सुला उघडून आतली भुकटी दोन्ही नातवांना सारखी वाटली होती. आजारी एकच होता, पण दुसऱ्यावर अन्याय नको. वाटून खाणं ही त्या लोकांची खोड म्हणा, संस्कार म्हणा. मला तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

इंदूबाई पाटील ही त्याच गल्लीतली. आमच्या दुकानापासून सहावं का सातवं घर. घरी साड्या आणून धागे कापायचे, टिकल्या लावायच्या, असं काम ती करायची आणि तिच्या ओट्यावर शेजारच्या चार बायाही तेच काम घेऊन बसायच्या. त्या चार जणींना कामाला लावण्यासाठी देवाने इंदूबाईला एक आवाज दिला होता. लूमच्या खडखडाटात नवरा वाढलेला, त्यामुळे त्याला मोठ्याने बोललेलंच ऐकू जायचं, हेही एक कारण असेल. ती घरात नवऱ्याला हाक मारायची तेव्हा माझ्या दुकानातला शेठ दचकून "हां, हां" म्हणायचा.

या इंदूबाईच्या मानेत गाठ निघाली. आधी तिने लक्ष दिलं नाही, मग हळद लावली, मग आमच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरसाहेबांनी तिला मुंबईला पाठवलं. थायरॉइडचा कॅन्सर. मुंबईच्या डॉक्टरांनी अख्खी ग्रंथी काढून टाकली आणि उरलंसुरलं जाळायला किरणोत्सारी आयोडीनचं औषध पाजलं. ते म्हणाले, हा प्रकार त्यातल्या त्यात गरीब स्वभावाचा आहे, वेळेत सापडलाय, पण वर्षभराने पुन्हा तपासायला हवं. घरात 'कॅन्सर' हा शब्द कुणी उच्चारत नसे. नवरा नामदेवभाऊ 'ते गाठवालं' म्हणायचे आणि विषय बदलायचे.

आता थोडं समजावून सांगते, नाहीतर पुढची गंमत कळणार नाही. थायरॉइड ही गळ्यातली ग्रंथी शरीराचा वेग सांभाळते. ती काढली की तिचं काम गोळीने करायचं, रोज सकाळी, जन्मभर. या रोजच्या गोळीला आम्ही टी-फोर म्हणतो. ती संथ असते. हळूहळू चढते आणि बंद केली तरी कितीतरी आठवडे अंगात रेंगाळते. पहिल्यांदा मी इंदूबाईला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हंजे रोज? जनमभर?"

"हो."

"मंग नवरापेक्षा हाई गोयी बरी. टाइमवर तरी येस."

नामदेवभाऊ शेजारीच उभे होते. ते हसले. त्या घरात हसणं हे त्यांचं काम होतं.

वर्षभराने तपासणीची वेळ आली. ही तपासणी अजब असते. शरीरात त्या रोगाची एखादी पेशी कुठे दडून बसली असेल, तर तिला आयोडीनची हाव असते. तिला पकडायचं तर आधी तिला उपाशी ठेवायचं, मग थोडं किरणोत्सारी आयोडीन द्यायचं. ती अधाशासारखं पिते आणि फोटोत दिसते. उपाशी ठेवायचं म्हणजे काय, तर बाईची गोळी बंद करायची. पण टी-फोर उतरायला फार दिवस लागतात आणि तोवर माणसाचे हाल होतात. म्हणून मधले काही आठवडे दुसरी गोळी देतात, टी-थ्री. ही झटपट चढते, झटपट उतरते, दिवसातून तीनदा घ्यावी लागते. शेवटचे दोन आठवडे तीही बंद. त्या दोन आठवड्यांत एक गोळीसुद्धा पोटात गेली तर सगळं मुसळ केरात. मुंबईची तारीख हुकली की पुढची कधी मिळेल, सांगता येत नसे. आणि तोवर त्या घराने रोज रात्री मनात तोच एक प्रश्न घेऊन झोपायचं.

शिवाय पथ्य. आयोडीन असलेलं मीठ बंद. तेव्हा सगळीकडे पाकिटातल्या मिठाचा प्रचार चालला होता आणि मी एकटी गल्लीतल्या एका बाईला उलटं सांगत होते की पाकिटातलं खाऊ नको, साधं खडेमीठ आण. वाणी माझ्याकडे संशयाने बघायचा.

खरी अडचण टी-थ्रीची झाली. सुरतेत ती गोळी कोणाकडेच नव्हती. मुंबईच्या ठोक विक्रेत्याने "नंतर बघू" म्हटलं, आणि आमच्या धंद्यात त्याचा अर्थ "विसरा" असा होतो. शेवटी आमचं एक जुनं गिऱ्हाईक कामाला आलं. वराछाचे एक हिऱ्यांचे दलाल होते, त्यांचा मेहुणा हिऱ्यांच्याच कामाला बेल्जियमला जाऊन-येऊन असायचा. वरच्या डॉक्टरसाहेबांनी चिठ्ठी लिहून दिली आणि मेहुण्याने येताना बाटली आणली. इंदूबाईला लागणार होत्या त्याच्या दुपटीहून जास्त गोळ्या तीत होत्या, कारण तिकडे त्याहून लहान बाटली मिळतच नव्हती.

दलालकाका ती बाटली घेऊन स्वतः दुकानात आले. त्यांनी ती शर्टाच्या आतल्या खिशातून काढली, हिऱ्यांचं पुडकं काढावं तशी. काउंटरवर ठेवली आणि इंदूबाईला बजावलं, "बेन, आ बहु मोंघी दवा छे. दरिया पारथी आवी छे. एक पण गोळी बगाडता नहीं, हं."

इंदूबाईने बाटलीला हात जोडले. एकही वाया घालवणार नाही, म्हणाली. मीही मान डोलावली. कोणालाही मान डोलवावी असंच ते बोलणं होतं.

पहिले आठवडे छान गेले. तीन वेळा गोळी, तीन वेळा माझ्या दुकानापर्यंत ऐकू येणारी "खादी वं ताई" ही आरोळी. मग ठरल्या दिवशी मी घरी जाऊन सांगून आले की आजपासून गोळी बंद, अजिबात नाही, एकसुद्धा नाही. नामदेवभाऊ, त्यांचा धाकटा भाऊ सुकलाल आणि सुकलालची बायको मंगल, तिघांनाही समोर बसवून सांगितलं. तिघांनी ऐकलं. इंदूबाईला गोळी द्यायची नाही, हे त्यांना पक्कं समजलं. बाकीच्यांनी खायच्या नाहीत असं सांगायचं मला सुचलं नाही. तुम्हाला तरी सुचलं असतं का?

आणि लगेचच्या रविवारी कानबाई आली.

ज्यांना कानबाई ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशी घरांत कानबाई बसते. नारळाला नथ, डोळे लावून, शालू नेसवून चौरंगावर बसवतात, रात्रभर गाणी म्हणतात आणि सोमवारी सकाळी बाया ती डोक्यावर घेऊन नाचत नदीवर जातात. सुरतेत त्या दिवशी तापीचा काठ खानदेशच होऊन जातो. या सणातला मोठा नेम म्हणजे रोट. घरातल्या माणसागणिक मुठी मोजून गहू घ्यायचे, त्याच्या पिठाचं जेवण करायचं आणि ते फक्त घरच्यांनी, भाऊबंदांनी खायचं. बाहेरच्याला कणसुद्धा द्यायचा नाही. टाकायचा तर नाहीच नाही. संपेपर्यंत रोज तोच खायचा. भांडी विसळलेलं पाणीसुद्धा खड्ड्यात पुरतात. इतकी वर्षं मी त्या गल्लीत काढली, पण रोटाची चव मला माहीत नाही. माहीत असायचं कारणही नाही.

कानबाई झाली, तापीत गेली. इंदूबाई तिच्या मागे चालत गेली, नाचली नाही. गोळी उतरू लागली होती. पुढच्या चार दिवसांत ती ओळखू येईना. चेहरा सुजला, आवाज घोगरा झाला आणि मग जवळजवळ बंदच पडला. सुरतेच्या त्या चिकचिकीत उकाड्यात बाई ओट्यावर स्वेटर घालून बसायची. हातातली कात्री धाग्यापाशी नेऊन थांबायची, कशाला नेली ते आठवेपर्यंत. त्या चार बाया सुरुवातीला खूश होत्या. मग त्यांनाही करमेना. शेठ मला म्हणाला, "बेन, आजकाल कोणी हाक मारत नाही, धंदा थंड आहे का?"

हे सगळं अपेक्षित होतं. अपेक्षित नव्हतं ते दुसरंच.

आधी नामदेवभाऊ आले. "मॅडम, ताकदनी गोयी द्या. हात थरथर करी ऱ्हायनात. तुटेल धागाले गाठच बसत नही." लूमवर तुटलेला धागा चटकन बांधता आला नाही तर कारागीर काय कामाचा. मला वाटलं, बायकोची काळजी. जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या.

दुसऱ्या दिवशी मंगल आली. डोळे टक्क उघडे, बोलणं असं की मधे श्वास नाही. तिला झोपच येत नव्हती. रात्री पडल्यापडल्या छाती धडधडते, म्हणून उठून ती काम करत होती. घरातलं धुणं धुऊन झालं, पडदे धुऊन झाले, "मंग शेजारनीसनं बी धुई टाकं." शेजारणींची काही तक्रार नव्हती.

मग सुकलाल. तो इथेच वाढलेला, गुजरातीच जास्त बोलायचा. "मॅडम, बहु गरमी थाय छे. पंख्याखाली बसून पण घाम." आणि भूक तर अशी लागत होती की कामाजवळच्या खानावळवाल्याने त्याला जेवणाचा थाळा देणं बंद करून मोजून भाकऱ्या द्यायला सुरुवात केली होती.

एका घरातली तीन मोठी माणसं, पोरं मात्र धडधाकट. तिघांना घाम, तिघांची छाती धडधडते, आणि चौथी ओट्यावर दगडासारखी बसलेली. साथ येऊन गेल्याला तेव्हा फार वर्षं झाली नव्हती. प्लेगच्या त्या दिवसांत सुरत कशी रिकामी झाली आणि कॅप्सुलांसाठी लोकांनी माझं काउंटर कसं ढकलत भिंतीला नेलं, ते मी विसरले नव्हते आणि गल्लीही विसरली नव्हती. कुजबुज सुरू झाली. समोरच्या घरातले लोक एकाएकी "गावी लग्न आहे" म्हणून कुलूप लावून अमळनेरला गेले. श्रावणात, सांगा. चार जण येऊन माझ्याकडे हळू आवाजात त्याच कॅप्सुला मागून गेले.

मी तिघांना धरून वर डॉक्टरसाहेबांकडे नेलं. डॉक्टरसाहेब गुजराती, शांत माणूस. त्यांनी तिघांच्या छातीला नळी लावली, नाड्या मोजल्या आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "बेन, आ आखा घरने शुं थयुं छे? ताप नाही, जुलाब नाही, आणि तिघांची नाडी घोड्यासारखी."

मग त्यांनी विचारलं, गेल्या आठवड्यात सगळ्यांनी मिळून काय खाल्लं. नामदेवभाऊ म्हणाले, "रोट."

"त्याचा थोडा तुकडा आणा, आपण तपासायला पाठवू."

"नही साहेब. रोट बाहेर जात नही."

"अहो, जरासा. लॅबमध्ये."

"लॅबवाले भाऊबंद शेत का?"

डॉक्टरसाहेब पाणी प्याले. मग त्यांनी आपण स्वतः घरी येऊन बघतो म्हटलं. बघायलाही बाहेरचा चालत नाही, असं उत्तर आलं. नाडी घोड्यासारखी पळत असताना नामदेवभाऊंनी इतक्या ठामपणे कोणाला नाही म्हटलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. एरवी बायकोपुढे हा माणूस कधी तोंड उघडत नसे. थरथरत्या हाताने आणि घामेजल्या कपाळाने तो देवीच्या नेमासाठी डॉक्टरांशी भांडत होता.

मी मधे पडले. म्हटलं, रोट नका दाखवू, निदान त्यात काय काय होतं ते सांगा. गहू, गूळ, दूध, डाळ, तांबडा भोपळा. यात धडधडण्यासारखं काहीच नव्हतं. "आणखी काही?"

"आनखी काय," मंगल म्हणाली, "आनि त्या गोया."

डॉक्टरसाहेबांना गोया म्हणजे काय ते कळलं नाही. मला कळलं आणि मी खुर्चीवर बसले.

झालं होतं ते असं. इंदूबाईची गोळी बंद झाली तेव्हा बाटली अर्ध्याहून जास्त उरली. एवढी महाग, समुद्रापलीकडून आलेली. एकही वाया घालवणार नाही असा शब्द दिलेला. तिचं करायचं काय, यावर रोटाच्या दिवशीच घरात बोलणं झालं आणि निकाल ताबडतोब लागला. "फेकानं नही, बाहेरनाले देवानं नही," नामदेवभाऊ मला समजावून सांगत होते, जणू मीच मंद, "मंग काय, घरमा वाटी लिधं." माणसागणिक वाटे काढले. रोट संपेपर्यंत रोज रोटाबरोबर खायच्या असं ठरलं. औषध चांगलं, सगळ्यांना गुण येईल. पोरांना मात्र औषध नको म्हणून पोरांचे वाटे त्यांच्या बापांनी खाल्ले. म्हणून तर बापांची नाडी जास्त पळत होती.

डॉक्टरसाहेबांनी हे समजल्यावर तोंडावर रुमाल धरला. ते हसत होते. काळजीचं फारसं कारण नव्हतं. उरलेल्या गोळ्या काढून घेतल्या की चार-सहा दिवसांत सगळे ताळ्यावर येणार होते. मी पण हसले असते. पण तेवढ्यात मला एक गोष्ट सुचली.

"माणसागणिक वाटे काढले," मी म्हटलं. "मग इंदूबाईचा?"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. रोटात घरच्या माणसाचा वाटा निघत नाही असं कधी होत नाही. "तिना बी निंघना," नामदेवभाऊ म्हणाले. म्हणजे तिचाही निघाला होता. त्यांचा आवाज तेवढ्यातच बदलला. मी सांगून गेले होते ते त्यांना आठवलं. पण त्या घरात औषध हे औषध होतं आणि वाटा हा वाटा होता. वाटा काढताना ते औषध आहे हे कोणाच्या मनात आलं नव्हतं.

मी चपला घालायचंही विसरून तिच्या ओट्यावर गेले. ती स्वेटरमध्ये बसलेली. समोर उकिडवी बसून मी विचारलं, "इंदूबाई, कानबाईच्या दिवशी तुमच्या वाट्याच्या गोळ्या दिल्या होत्या ना? त्या खाल्ल्यात का?"

तिने माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "दिध्यात," ती म्हणाली.

"मग? खाल्ल्या?"

"मंग..." ती थांबली. डोळ्यांत पाणी आलं. "माले याद नही, ताई."

त्या गोळ्या बंद असताना माणसाचं डोकं असंच चालतं. चुलीवर दूध ठेवलंय हे आठवत नाही, वाटा काय आठवणार. आम्ही घर धुंडाळलं. म्हणजे त्यांनी धुंडाळलं. रोट ठेवलेल्या खोलीच्या उंबऱ्यापाशी मी थांबले आणि बाहेरून "फळीवर बघा, डब्यात बघा" म्हणत राहिले. बाकीच्यांच्या पुड्यांतल्या उरलेल्या गोळ्या मी ताब्यात घेतल्या. इंदूबाईची पुडी कुठेच नव्हती. नसणार, खाल्ली असेल तर. नामदेवभाऊ भिंतीला टेकून बसले. त्यांचा थरथरता हात ते दुसऱ्या हाताने धरून होते. "मी वाटा काढा," ते म्हणाले, "मनाच हातवरी." आपल्याच हाताने बायकोचा वाटा काढणारा तो माणूस त्या दिवशी हसला नाही.

आता एकच उपाय होता. मुंबईला निघण्याआधी एक रक्ततपासणी करायचीच होती. थायरॉइडचा रस कमी पडला की मेंदूच्या तळाची एक ग्रंथी आरडाओरडा सुरू करते, काम कर, काम कर. तो ओरडा रक्तात मोजता येतो. आकडा भरपूर चढला तर समजायचं बाई खरोखर उपाशी आहे, तपासणी होईल. कमी आला तर गोळ्या पोटात गेल्या, आणि गेली तारीख.

रक्त दिलं. रिपोर्ट यायचा होता. एव्हाना नामदेवभाऊंचा हात स्थिर झाला होता, मंगल झोपू लागली होती, सुकलालची भूक माणसात आली होती. पण कोणी जेवत नव्हतं. रोट संपला होता म्हणून बरं.

रिपोर्ट मीच आणला. जिना चढता चढता फोडला आणि तिथेच पायरीवर थांबले. आकडा भयंकर होता. कुठल्याही दुसऱ्या माणसाचा असता तर डॉक्टरांनी घाबरून रात्रीच दवाखाना उघडला असता. डॉक्टरसाहेब तो कागद बघून जागेवरून उठले आणि म्हणाले, "वाह! खूप खराब आहे!"

बाहेर गल्लीत नामदेवभाऊ उभे होते. मी त्यांना सांगितलं, "खूप वाईट आलाय रिपोर्ट." त्यांचा चेहरा पडला, मग माझं हसणं बघून गोंधळला. मी समजावलं तेव्हा ते खाली बसले आणि मोठ्याने रडले. ओट्यावरच्या इंदूबाईने स्वेटरची बाही तोंडाशी नेली. गप्प बाई, पण आतून केवढी ओरडत होती. संध्याकाळी नामदेवभाऊंनी सगळ्या गल्लीला लोचो, तो सुरतेचा लिबलिबीत ढोकळा, आणला. ज्याला कारण कळलं त्याने त्यांना वेडं म्हटलं आणि लोचो खाल्ला. अमळनेरला गेलेले लोक परत आले, तेही वेळेवर पोचले.

मुंबईची तपासणी झाली. फोटोत काही दिसलं नाही. कुठेच नाही. आधी टी-फोर, मग टी-थ्री, मग काहीच नाही, आणि आता परत टी-फोर, असा सगळा फेरा पूर्ण करून इंदूबाई आपल्या जुन्या, संथ, टाइमवर येणाऱ्या गोळीकडे आली. मी रोज कान लावून असायचे. गोळी संथ, मला ठाऊक होतं, पण धीर निघत नव्हता. पितृपक्ष संपत आला आणि नवरात्राच्या आधी एका सकाळी गल्लीच्या टोकाहून टँकरवाल्याच्या नावाने अशी हाक आली की शेठने हातातली बशी काउंटरवर सांडली. मी तो चहा पुसत हसत होते आणि शेठला काही कळत नव्हतं.

आवाजामागून तिची आठवणही परत आली. एक दिवस दुकानात येऊन ती म्हणाली, ताई, त्या गोळ्या मी कानबाईच्या ओटीत ठेवल्या होत्या. सोमवारी ओटीसकट तापीत गेल्या.

"का पण? खायच्या नाहीत हे लक्षात होतं?"

तिने नाही म्हणून मान हलवली. तिने काउंटरच्या काचेवर बोट फिरवलं आणि एरवीपेक्षा बऱ्याच हळू आवाजात म्हणाली, "तवय माले वाटनं, पुढला सालना रोटमा मी शे का नही. मंग मना वाटा बाईले दिधा. आते तीच देखी."

पुढच्या वर्षीच्या रोटाला आपण असू की नसू, ते तिने कानबाईवर सोपवलं होतं. मी कोणतंतरी मलम काढून तिच्यासमोर ठेवलं, उगाच.

पुढच्या वर्षी त्यांच्या घरी तिची मूठ मोजली गेली, त्याच्या पुढच्या वर्षीही. मग सुकलालच्या घरी मुलगी झाली आणि एक मूठ वाढली. तेव्हापासून इंदूबाईने गल्लीत एक नेम घातला: कोणाच्याही घरी औषध उरलं की ते वाटायचं नाही, ताईच्या दुकानात आणून द्यायचं. चांगल्या शिकल्यासवरल्या वस्तीत मी हे सांगून थकले असते. इथे तिच्या आवाजाने दोन दिवसांत काम झालं.

आता मीही रिटायर झाले आहे आणि रक्तदाबाची एक गोळी मला रोज घ्यावी लागते. ती मी विसरते. औषधवालीच ती, तिला कोण विचारणार. पण आठवड्यातून तीन-चारदा सकाळी फोन वाजतो आणि मी तो कानापासून हातभर लांब धरते. "खादी का गोयी? का तुले बी सांगनं पडी?" मग मी बाईमाणूस असून किती आळशी आहे, नवऱ्याने कसं चालवून घेतलं, दुकानात लोकांना काय शिकवत होते, हे सगळं मला ऐकावं लागतं. नामदेवभाऊ मागे हसत असतात, ते फोनमध्ये ऐकू येतं.

इतक्या वर्षांत तिने मला रोटाचा एक घासही कधी दिला नाही, आणि देणारही नाही. मी बाहेरची. पण ती जशी नामदेवभाऊंना बोलते, सुकलालला बोलते, मंगलला बोलते, अगदी तशीच, तसूभरही कमी नाही, मला बोलते. हा वाटा मात्र तिने मला घरच्यांइतकाच काढून ठेवला आहे. मी पाण्याचा पेला आणते आणि गोळी घेते.